मांडवा ते मालवण, बारा मुक्काम: रमतगमत सायकलसहलीचा हिशेब

सायकलने कोकण किनारा करायचा, असं ठरलं की पहिली चक्कर होते सायकलच्या दुकानात. कुठली घेऊ, किती गिअरची, पुढे सस्पेन्शन हवं का? महिनाभर त्यातच जातो, तीस-चाळीस हजार खर्च होतात आणि सहल पुढच्या थंडीवर जाते. म्हणून हा हिशेब उलट्या टोकाने मांडला आहे. आधी मुक्काम मोजायचे, मग जेवणं, मग बोटी. सायकल शेवटी.

खालच्या रकमा बेत आखताना धरायचे अंदाज आहेत. त्या गर्दीचे दिवस सोडून, साध्या घरगुती मुक्कामाच्या आणि माणशी आहेत. दोघांनी एक खोली घेतली असं धरलं आहे.

मार्ग आणि मुक्काम

मुंबईहून बोटीने मांडवा आणि तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने मालवण, असा साधारण सव्वापाचशे किलोमीटरचा पल्ला आहे. रोज सरासरी ४०-४५ किलोमीटर धरले तर बारा रात्री लागतात.

- रायगड, चार मुक्काम, सुमारे १४० कि.मी.: रेवदंडा, मुरूड-जंजिरा, दिवेआगर, हरिहरेश्वर
- रत्नागिरीचा उत्तर भाग, चार मुक्काम, सुमारे १८० कि.मी.: केळशी, कर्दे, गुहागर, गणपतीपुळे
- तिथून खाली, चार मुक्काम, सुमारे २०० कि.मी.: पावस, जैतापूर, देवगड, मालवण

खोली ठरवताना एक घोळ टाळा. या रस्त्यावर मुरूड दोन आहेत, एक जंजिऱ्याचं आणि एक दापोली तालुक्यातलं, कर्द्याला लागून. फोनवर ‘मुरूड’ एवढंच सांगून आगाऊ पैसे पाठवले, तर खोली तीन-चार दिवस पुढच्या गावात राखली जाऊ शकते.

चाळीस किलोमीटर ऐकायला कमी वाटतात. पण हा किनारा सपाट नाही. खाडीपर्यंत उतार, पलीकडे पुन्हा चढ, वर उन्हात तापलेला सडा, की परत उतार. दिवसातून दोनदा-तीनदा हेच चालतं. सकाळी साडेसहाला निघून अकरापर्यंत मुक्काम गाठायचा आणि दुपार गावात काढायची, तर चाळीस पुरे.

राहणं: १२ रात्री × ७५० = ₹९,०००

घरगुती मुक्कामाला दोघांची बिनएसी खोली आडवारी १,२०० ते १,८०० रुपयांत मिळते. सरासरी १,५०० धरा. शनिवारी भाव चढतो. त्यामुळे दिवेआगर, कर्दे, गणपतीपुळे ही गर्दीची गावं शनिवारी पडणार नाहीत अशा बेताने निघण्याचा वार ठरवा. शनिवार केळशीसारख्या शांत गावी आलेला बरा.

हरिहरेश्वर आणि गणपतीपुळ्याला एमटीडीसीची निवासस्थानं आहेत. ती घरगुती खोलीपेक्षा महाग पडतात, पण फोनवर घासाघीस करायची नसेल त्यांच्यासाठी सोयीची. गणपतीपुळे आणि पावसला भक्तनिवासाची चौकशी करा. खोली मिळाली तर तिथे दोन रात्रींचा खर्च बराच उतरतो.

खोली घेताना तीन गोष्टी विचारा. सायकल रात्री आत ठेवता येईल का? कपडे वाळत घालायला जागा आहे का? सकाळी सहाला चहा मिळेल का? तिसऱ्याला नकार आला तर बिस्किटांचा पुडा आदल्या रात्रीच घेऊन ठेवा.

खाणं: १३ दिवस × ६५० = ₹८,४५०

नाश्ता ८०, दुपारचं जेवण २००, रात्रीचं २५० आणि चहा, शहाळं, कोकम सरबत मिळून १२०. शाकाहारी माणूस यात आरामात बसतो. मासे खाणाऱ्याने बांगड्यावर भागवलं तर तोही बसतो. रोज सुरमई किंवा पापलेट हवं असेल तर दिवसाला २०० रुपये वाढवा, म्हणजे एकूण २,६०० जास्त.

कोकणात घरगुती जेवण आधी सांगावं लागतं. दुपारी दोनला दारात उभं राहून ‘काय आहे?’ विचारलं, तर बहुतेक वेळा काही नसतं. सकाळी निघतानाच पुढच्या मुक्कामी फोन करून माणसं किती आणि मासे की शाकाहारी, हे कळवा. मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगा.

बोटी आणि होड्या: ₹१,३००

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट सायकल चाकांवरच आत घेते. माणसाचं आणि सायकलचं मिळून ५०० रुपये धरा.

पुढे चार खाड्या फेरीबोटीने ओलांडायच्या: आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड. मोटारी, एसटी आणि माणसं यांच्याबरोबर सायकलही चढते. माणूस आणि सायकल मिळून दर वेळी पन्नास रुपये धरले की झालं. चार बोटींचे २००. सुट्टे पैसे जवळ ठेवा, खाडीकाठी मोबाइलला रेंज असेलच असं नाही.

बोट स्वस्त आहे, पण ती चुकली तर महाग पडते. खाडीला रस्त्याने वळसा घालायचा तर सायकलवाल्याचा अख्खा दिवस जातो. म्हणून बोटीची वेळ आदल्या मुक्कामी विचारून घ्या आणि शेवटच्या फेरीच्या भरवशावर राहू नका.

जंजिरा, मालवणचा सिंधुदुर्ग अशा किल्ल्यांच्या होड्या आणि तिकिटांसाठी ६०० रुपये वेगळे काढा.

परतीचा प्रवास: ₹१,५००

मालवणहून कुडाळ स्टेशन तीसेक किलोमीटरवर आहे. तेराव्या दिवशी सकाळी तेवढंच अंतर. कुडाळला थांबणारी दादर-सावंतवाडी गाडी २०१७पासून ‘तुतारी एक्सप्रेस’ म्हणून धावते. हे नाव केशवसुतांच्या कवितेवरून दिलेलं आहे, आणि केशवसुतांचं जन्मगाव मालगुंड आपल्याला आठव्या दिवशी गणपतीपुळ्याच्या अलीकडे लागलेलं असतं.

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. त्याच दिवशी तिकीट काढा. सायकल पार्सल ऑफिसात सामान म्हणून नोंदवून ब्रेकव्हॅनमधून पाठवायची असते. निदान दोन तास आधी पोचा, सायकलला पुठ्ठा गुंडाळा आणि त्यावर नाव, फोन आणि उतरायचं स्टेशन ठळक लिहा. गाडी मोजकी मिनिटं थांबते, त्यामुळे सायकल त्याच गाडीत चढेलच याची खात्री नसते. ती खात्री हवी असेल तर खासगी बसच्या डिकीतून न्या. मात्र सायकलचे किती घेणार ते तिकीट काढतानाच ठरवा. मी एकदा ते बसजवळ उभं राहून ठरवायला गेलो आणि सायकलला माणसाच्या निम्मं भाडं मोजलं.

सायकल: ₹२,०००

घरात चालती गिअरची सायकल असेल तर नवी घेऊ नका. पूर्ण सर्व्हिसिंग, नवे ब्रेक पॅड आणि गरज असेल तर चेन, एवढ्यावर १,२०० ते १,५०० रुपये घाला. या रस्त्यावर उतार वळणाचे आहेत, सामान मागे आहे. पैसे घालायची पहिली जागा ब्रेक. दुसरी जागा टायर. उरलेल्या ५०० रुपयांत एक जादा ट्यूब आणि पंक्चरचं साहित्य बसतं. हवेचा पंप, हेल्मेट आणि मागचा लाल दिवा घरात असतील असं धरलं आहे. नसतील तर आणखी दोन-अडीच हजार.

तुमच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक असेल तर पन्नासेक रुपयांचा पितळी ॲडॉप्टर खिशात टाका. गावातल्या पंक्चरवाल्याकडचा पंप मोटारसायकलच्या जाड व्हॉल्व्हचा असतो. ॲडॉप्टर नसला तर तो काहीच करू शकत नाही.

सामान सात किलोंच्या आत ठेवा. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लटकवायच्या पिशव्या दोन ते चार हजारांना येतात. त्या उसन्या मिळाल्या तर उत्तम. पाठीवर सॅक मात्र नको. तिसऱ्या दिवशी खांदे बोलायला लागतात.

अडीअडचण: ₹२,५००

एखादा दिवस पाय धरतात, ताप येतो, स्पोक तुटतो. सायकल टेम्पोत टाकून पुढचं गाव गाठायला आणि एखादी रात्र वाढवायला एवढी रक्कम पुरते. यातले हजार रुपये रोख ठेवा. काही गावांत एटीएम नाही, आणि आहे तिथे पैसे असतीलच असं नाही.

बेरीज

- राहणं: ₹९,०००
- खाणं: ₹८,४५०
- बोटी, किल्ले: ₹१,३००
- परतीचा प्रवास: ₹१,५००
- सायकलची तयारी: ₹२,०००
- अडीअडचण: ₹२,५००
- एकूण: ₹२४,७५०

म्हणजे माणशी पंचवीस हजार. एकट्याने गेलात तर खोलीत वाटेकरी नाही. एकट्याला काही ठिकाणी सूट मिळते, तरी रात्रीला १,२०० धरा. एकूण खर्च तीस हजारांच्या घरात जातो. तिघांनी एका खोलीत जादा गादी घेतली तर प्रत्येकाचे हजार-दीड हजार वाचतात, पण तिघांतला घोरणारा कोण हे आधी माहीत हवं.

कधी जावं, कधी जाऊ नये

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. नाताळ ते एक जानेवारी मात्र घरीच थांबा. त्या आठवड्यात दीड हजाराची खोली तीन हजारांना मागतात आणि रस्त्यावर मोटारींची रांग असते. गणपतीपुळ्याला अंगारकी आणि देवगडजवळच्या कुणकेश्वरला महाशिवरात्रीची यात्रा, या दोन्ही तारखा कॅलेंडरमध्ये दिसतात. मालवण तालुक्यातल्या आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख मात्र दर वर्षी देवीचा कौल घेऊन ठरते. ती जाहीर झाली की मालवणच्या खोल्या आणि मुंबईच्या गाड्या दोन्ही भरतात. आरक्षणाआधी ती तारीख मालवणात विचारून घ्या.

कुठे हात आखडावा

या हिशेबात एक आकडा सगळ्यात कामाचा आहे. राहणं ७५० आणि खाणं ६५०, म्हणजे एक मुक्काम १,४०० रुपयांचा. पुढचे सगळे निर्णय याच मापाने करा. पाच हजारांची सायकलची खास जर्सी-पँट म्हणजे साडेतीन मुक्काम. पस्तीस हजारांची नवी सायकल म्हणजे पंचवीस मुक्काम, जाऊन परत येण्याइतके.

हाच पल्ला रोज ऐंशी-नव्वद किलोमीटर मारून सहा मुक्कामांत उरकता येतो. तसं केलं तर ८,४०० रुपये वाचतात. कुणाची रजाच तेवढी असते, त्याला इलाज नाही. पण रजा कमी असेल तर वेग वाढवण्यापेक्षा अंतर कमी करा. नऊ मुक्काम करून रत्नागिरी स्टेशन गाठा आणि पावसच्या पुढचं पुढच्या वर्षासाठी ठेवा. किंवा फक्त रायगडचे चार मुक्काम करून हरिहरेश्वरहून एसटीने परत या. हा सगळा खर्च दहा-अकरा हजारांत बसतो, आणि पायांत किती दम आहे तेही कळतं.

रात्री कापायच्याच झाल्या तर कुठल्या, हे निघण्याआधी ठरवू नका. बारापैकी पहिल्या चार आणि गर्दीच्या गावांतल्या खोल्या राखून ठेवा, बाकीच्यांसाठी फक्त फोन नंबर जवळ असू द्या. केळशीच्या पडवीत दुपारी आडवं झाल्यावर उद्या निघायला नको वाटलं, तर न निघण्याची किंमत आता माहीत आहे: चौदाशे रुपये, आणि पुढच्या मुक्कामी एक फोन.