गाडीसाठी सहा मीटरचा संच घेताना

यादीत ‘50 मेगाहर्ट्झ’ हा आकडा दिसला की नव्या हॅमचा निम्मा निर्णय तिथेच होतो. संच गाडीत बसतो, अँटेना टपावर चढतो, आणि मग कित्येक महिने स्पीकरमधून खरखरीपलीकडे काही येत नाही. बऱ्याचदा संच ठणठणीत असतो. फक्त तो निव्वळ एफएमचा असतो. म्हणून किंमत, आकार, रंगीत पडदा हे सगळं बाजूला ठेवून आधी एवढंच विचारा: यात सहा मीटरवर एसएसबी आहे का?

या प्रश्नाला मी इतकं महत्त्व देतो ते या पट्ट्याच्या स्वभावामुळे. एरवी सहा मीटर दोन मीटरसारखाच वागतो, आसपासच्या टापूपुरता. पण मे ते ऑगस्टमध्ये जमिनीपासून सुमारे 100 किलोमीटर उंचीवर आयनांचे दाट थर अचानक जमतात आणि एका उडीत 2000 किलोमीटरपर्यंतचं स्टेशन कानाशी येतं. पुणे-कोलकाता हे अंतर त्यात आरामात बसतं. दुसरी वाट विषुववृत्त ओलांडणारी. चुंबकीय विषुववृत्त केरळातल्या थुंब्याजवळून जातं. 1963 साली भारतातून पहिलं रॉकेट सोडायला ते गाव निवडलं गेलं त्याचं कारण हेच. त्या रेषेच्या इतक्या जवळ असल्यामुळे मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास, दुपार कलल्यापासून रात्र होईपर्यंत दक्षिण गोलार्धातली स्टेशनं ऐकू येण्याची संधी आपल्याला मिळते. हे दूरचे सिग्नल अनेकदा क्षीण असतात, थरथरतात, दहा मिनिटांत नाहीसेही होतात. त्यांच्यावरचं बोलणं चालतं ते 50.100 मेगाहर्ट्झच्या आसपास, एसएसबी आणि मोर्समध्ये. एफएमचा संच ते पकडू शकत नाही.

यासू एफटी-8900 सारखा चार पट्ट्यांचा एफएम संच वाईट मुळीच नाही. सहा मीटरवर तो 50 वॉट देतो. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी हॅमच्या घराजवळ सहा मीटरचा रिपीटर असेल, तर त्याने तो खुशाल घ्यावा. आपल्याकडचे रिपीटर मात्र प्रामुख्याने दोन मीटरवर आहेत.

खरेदीआधी परवाना काढून नीट वाचा. तुमच्या श्रेणीला 50 मेगाहर्ट्झच्या वर कोणत्या फ्रिक्वेन्सी दिल्या आहेत, किती वॉटची मुभा आहे, आणि गाडीतून स्टेशन चालवण्याबद्दल काय लिहिलं आहे, या तीन गोष्टी पाहा. मुभा कमी असेल तर 100 वॉटचा संच मेनूमधून खाली आणता येतो.

आता संच. नव्यात यासू एफटी-891 वर माझा भर आहे. 160 ते 6 मीटर, 100 वॉट, आणि समोरचा पॅनेल सुटा करून डॅशबोर्डवर लावता येतो. धड सीटखाली सारायचं, मात्र पंख्याला हवा मिळेल अशा बेताने. जुन्यात आयकॉम आयसी-7100, यासू एफटी-857डी आणि केनवुड टीएस-480 हे तिन्ही भरवशाचे. पहिल्या दोघांत दोन मीटरही मिळतो, म्हणजे रिपीटरसाठी वेगळा संच नको. आयसी-7300 कितीही आवडला तरी त्याचा पॅनेल सुटा होत नाही. छोट्या गाडीत तो ठेवायचा कुठे, हे आधी मोजून पाहा.

जुना संच परवानाधारकाकडूनच घ्या आणि सहा मीटरवर वेगळा तपासा. चाळीस मीटरवर झकास चालणारा संच इथे लंगडू शकतो, कारण या पट्ट्याचे फिल्टर आणि रिले स्वतंत्र असतात. डमी लोड आणि वॉटमीटर लावून 50.110 वर मोर्सची की दाबा आणि वॉट वाचा. मग अँटेना काढून पुन्हा जोडा. जोडल्यावर खरखर स्पष्ट वाढली पाहिजे. वाढली नाही तर पैसे खिशातच राहू द्या.

अँटेनाच्या बाबतीत सहा मीटरसारखा सोयीचा पट्टा नाही. चाळीस मीटरची पाव लांबीची काठी दहा मीटरची होते, गाडीवर ती अशक्यच. इथे ती साधारण 1.42 मीटर असते, म्हणजे कॉइलची तडजोड न करता पूर्ण लांबीची काठी टपावर उभी राहते. ती 50.2 च्या आसपास बेतली आणि एसडब्ल्यूआर दीडच्या आत आला की ट्यूनरची गरज नाही. एसएसबीवाले अँटेना आडवा ठेवतात, त्यामुळे उभ्या काठीचं जवळच्या स्टेशनांशी नुकसान होतं. आकाशातून आलेल्या सिग्नलला तो फरक फारसा उरत नाही. जवळच्यांशीही बोलायचं असेल तर आडवा हॅलो अँटेना लावा. चुंबकाची बैठक घेण्याआधी टप पोलादी आहे ना ते पाहा, सनरूफच्या काचेवर ती चिकटणार नाही. सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगची उंचीही मोजा, नाहीतर घडीची काठी घ्या.

100 वॉटला सुमारे 22 अँपिअर लागतात. सिगारेट लायटरच्या सॉकेटला ते झेपत नाही. बॅटरीच्या धन टोकाकडून जाड वायर थेट आणा, बॅटरीजवळच फ्यूज बसवा. नव्या गाड्यांत ऋण टोकावर सेन्सर असतो, तिथे ऋण वायर बॅटरीऐवजी बॉडीला द्यावी. इंजिन बंद असताना नुसतं ऐकायलाही एक-दोन अँपिअर जातात, हे लक्षात असू द्या.

मग एका शांत जागी गाडी उभी करा. इंजिन बंद ठेवून खरखर ऐका, नंतर सुरू करून ऐका. मोबाइलचा चार्जर आणि डॅशकॅम एकेक करून काढा. मला आजवर सर्वांत जास्त छळलं ते या दोघांनीच. जो गुन्हेगार सापडेल त्याच्या वायरीवर फेराइट चढवा. त्यानंतर उरेल त्यासाठी नॉइज ब्लँकर.

चालवताना हातात माइक धरू नका. 2019 च्या दुरुस्तीपासून हातात संपर्काचं साधन धरून वाहन चालवणं हे मोटार वाहन कायद्यातल्या धोकादायक चालवण्यात मोडतं. स्टेशन ऐकू आलं की गाडी कडेला घ्या, मग बोला.

हे सगळं एप्रिलच्या आत उरका. मे उजाडला की डायल 50.110 वर, यूएसबीत, स्क्वेल्च उघडा ठेवून सोडा.