आतड्याचे स्थानिक स्वराज्य

घास गिळेपर्यंत तो आपल्या ताब्यात असतो. त्यानंतर मात्र त्याची वाटचाल आपल्या इच्छेवर अवलंबून राहत नाही. ही वाटचाल कोण घडवून आणतो? मेंदू, असे उत्तर सहज सुचते. परंतु ते अर्धेच खरे आहे.

१८९९ साली विल्यम बेलिस व अर्नेस्ट स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञांनी यासंबंधीचे प्रयोग प्रसिद्ध केले. भूल दिलेल्या प्राण्याच्या आतड्याकडे जाणारे बाहेरचे मज्जातंतू त्यांनी तोडले आणि मग आतडे एका ठिकाणी दाबून पाहिले. त्या ठिकाणाच्या वरचा भाग आकुंचन पावला व खालचा शिथिल झाला. वरून ढकलणे आणि खाली वाट करून देणे, हे काम मेंदूच्या हुकुमावाचूनही चालू राहिले.

याचे कारण असे, की आतड्याच्या भिंतीतच मज्जापेशींची दोन जाळी पसरलेली असतात. एक अस्तराखाली असते, तर दुसरे स्नायूंच्या दोन थरांमध्ये. त्यांत मिळून दहा कोटींहून अधिक पेशी असतात. अन्नामुळे भिंत ताणली गेली किंवा अस्तरावर दाब आला, की अस्तरातील विशिष्ट पेशी सेरोटोनिन हे द्रव्य सोडतात. ही वर्दी संवेदी पेशींना मिळते आणि त्या ती पुढे पोचवतात. मग वरच्या बाजूचे स्नायू आवळतात, खालच्या बाजूचे सैल पडतात आणि अन्न पुढे सरकते. गावचा दैनंदिन कारभार ग्रामपंचायतीने पाहावा, तसाच हा प्रकार होय. मेंदूचा संबंध तुटलेला नसतो. भीती वाटली की पोटात गोळा येतो, तो या संबंधामुळेच. तथापि, मेंदू व आतडे यांना जोडणाऱ्या व्हेगस मज्जातंतूतील बहुसंख्य धागे हुकूम आणणारे नसून पोटाकडील वार्ता मेंदूकडे नेणारे असतात.

ही स्थानिक यंत्रणा नसेल तर काय होते? गर्भावस्थेच्या पहिल्या तीन महिन्यांत या मज्जापेशी अन्नमार्गात वरून खाली सरकत जातात. काही बालकांत त्या शेवटपर्यंत पोचत नाहीत आणि मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग त्यांच्यावाचून राहतो. तो भाग शिथिल होत नाही. त्यामुळे मळ तेथे अडतो आणि त्याच्या वरचे आतडे फुगते. कोपनहेगन येथील डॉक्टर हाराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी १८८६ साली अशा बालकांची माहिती मांडली. पुढे अनेक वर्षे दोष फुगलेल्या भागाचा मानला गेला. वास्तविक फुगलेला भाग निरोगी असतो. दोष त्याखालच्या, वरकरणी ठीक दिसणाऱ्या भागात असतो. हे ओळखून अमेरिकेतील डॉक्टर ऑर्व्हार स्वेन्सन यांनी तो भाग काढून टाकण्याची शस्त्रक्रिया १९४८ साली प्रसिद्ध केली. आज अशी बालके शस्त्रक्रियेनंतर वाढतात, शाळेत जातात.

सुमारे पाच हजार जन्मांमागे एका बालकात हा दोष आढळतो. आकडा लहान वाटला, तरी निदानास झालेला उशीर जिवावर बेतू शकतो. पूर्ण दिवस भरलेले बहुतेक प्रत्येक निरोगी बाळ पहिल्या चोवीस तासांत काळसर हिरवी, चिकट शी करते. अठ्ठेचाळीस तास उलटूनही ती झाली नाही, पोट फुगले किंवा हिरवी उलटी झाली, तर बाळाला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. त्यातही हिरवी उलटी दिसताच अठ्ठेचाळीस तासांची वाट पाहू नये. एरंडेल पाजू नये, घुटी देऊ नये. काही भागांत पोट फुगलेल्या बाळाला तापल्या सळईने डागण्याची प्रथा आहे. डाग कातडीवर पडतो. आतड्यात नसलेल्या पेशी त्याने निर्माण होत नाहीत. मात्र त्यात मोलाचा वेळ जातो.

रुग्णालयात प्रसूती झाली असल्यास आशा सेविकेची पहिली गृहभेट तिसऱ्या दिवशी असते. म्हणून बाळाची पहिली शी केव्हा झाली, हे आईला घरी पाठवण्यापूर्वीच विचारले जावे. शिक्षकांनी पालकसभेत आणि पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत ही गोष्ट समजावून सांगावी. हा प्रश्न विचारायला खर्च येत नाही. वेळीच विचारला, तर एखादे बालक वाचू शकते.