आधी वाचा, मग उघडा

आमच्या वस्तीत एक ताई राहतात. रोज सकाळी त्या स्कूटरवरून जेवणाचे डबे पोचवतात. त्यांची गाडी बिनगिअरची आहे. मूठ पिळली की गाडी चालली. पण एके दिवशी गाडी चढावर दमू लागली. इंजिन ओरडे, पण चाक जोर धरीना. गॅरेजवाला म्हणाला, "पट्टा आणि रोलर गेलेत. चार दिवस गाडी ठेवून जा."

चार दिवस गाडी नाही, म्हणजे चार दिवस डबे नाहीत. मग आम्ही शेजाऱ्यांनी ठरवले, हे काम घरीच करू. त्यात आम्ही एकदा चुकलो. ती चूक तुमच्या हातून होऊ नये, म्हणून हा पाठ.

गिअर आपोआप कसा बदलतो?

अशा गाडीत दोन पुल्या असतात. एक पुढे इंजिनाकडे, एक मागे चाकाकडे. दोन्हींवर मिळून रबराचा एक पट्टा असतो. प्रत्येक पुली म्हणजे समोरासमोर ठेवलेल्या दोन थाळ्या. पुढच्या पुलीत लहान लहान रोलर असतात. इंजिन जोरात फिरले की रोलर बाहेर सरकतात आणि थाळ्या जवळ येतात. मग पट्टा वर चढतो. त्याच वेळी मागच्या थाळ्या फाकतात आणि तिथे पट्टा खाली उतरतो. असा हळूहळू गिअर बदलतो. माणसाला काही करावे लागत नाही.

ही युक्ती जुनी आहे. हॉलंडमधल्या डाफ कंपनीने १९५८ साली पट्ट्यावर चालणारी मोटार लोकांपुढे आणली. आपल्याकडे १९८४ साली कायनेटिक होंडा ही बिनगिअरची स्कूटर आली. २००१ साली ॲक्टिव्हा आली. आता अशा गाड्या गल्लोगल्ली दिसतात.

सुटे भाग कसे आणावेत?

आम्ही बाजूचे झाकण काढले. पट्ट्याला चिरा पडल्या होत्या. रोलर गोल असायला हवेत, ते एका अंगाने चपटे झाले होते. पुण्यात सुट्या भागांसाठी नाना पेठ प्रसिद्ध आहे. आम्ही घाईने तिथे गेलो आणि म्हणालो, "स्कूटरचा पट्टा द्या." दुकानदाराने विचारले, "गाडी कोणत्या सालची?" आम्ही अंदाजाने सांगितले. त्याने पट्टा दिला. आम्ही घरी येऊन पाकीट फोडले.

पट्टा दिसायला अगदी तसाच होता. पण ताईंनी दोन्ही पट्ट्यांचे दाते मोजले. नव्याला दोन दाते जास्त! दुकानदाराने फोडलेले पाकीट परत घेतले नाही. त्याला बोल कसा लावणार? चूक आमचीच. पैसे गेले, दिवसही गेला.

मग ताईंनी जुना पट्टा ओल्या फडक्याने पुसला. पाठीवर पुसट आकडे होते. त्यांनी ते एकेक करून वाचले आणि वहीत उतरवले. होंडाच्या स्कूटरमध्ये पट्ट्याचा क्रमांक २३१०० ने सुरू होतो. त्यापुढची अक्षरे गाडीचा नमुना सांगतात. पहिले आकडे जुळले आणि पुढची अक्षरे जुळली नाहीत, तर तो पट्टा आपला नव्हे.

रोलर सगळे एकदम बदलावेत आणि सारख्या वजनाचे घ्यावेत. एखाददुसरा बदलू नये.

हत्यारे कोणती?

सगळी हत्यारे विकत घ्यायची गरज नाही. झाकणाच्या बोल्टसाठी बहुधा ८ नंबरचा टी पाना लागतो. पुलीच्या नटासाठी गोटी पाना लागतो. हे घरात असावेत. पुली धरून ठेवायचा पाना ओळखीच्या गॅरेजातून उसना आणावा. पुलीच्या पंख्यात स्क्रूड्रायव्हर अडकवून नट फिरवू नये. पंख्याची पाती तुटतात.

मागच्या पुलीत दाबून बसवलेली जाड स्प्रिंग असते. ती दाबून धरायचे हत्यार नसेल, तर तिचा नट मुळीच सोडू नका. स्प्रिंग उसळली तर डोळा जाईल. तेवढे काम कारागिराला द्या. त्यात कमीपणा नाही.

जोडताना काय पाहावे?

आतली धूळ फुंकू नका. ओल्या फडक्याने पुसा. पट्ट्याला तेल किंवा ग्रीस लागू देऊ नका, नाहीतर तो घसरतो. पट्ट्यावर बाण असेल, तर तो पुली फिरते त्या दिशेला ठेवा. मागच्या थाळ्या फाकवून पट्टा आत खोल दाबा. म्हणजे तो पुढे सैल राहील. तसे केले नाही, तर पुढच्या थाळ्यांत पट्टा चिमटतो. नट घट्ट बसला असे आपल्याला वाटते. पण गाडी चालू झाली की नट सैल होतो.

दुसऱ्या दिवशी ताई एकट्याच दुकानात गेल्या. वही उघडून त्यांनी क्रमांक वाचून दाखवला. दुकानदाराने पाकीट आणले. ताईंनी त्यावरचा क्रमांक वहीशी ताडून पाहिला, किंमत वाचली आणि मगच पैसे दिले. तिसऱ्या दिवशी सकाळी डबे निघाले.

दोन वर्षांपूर्वी याच ताई पाकिटावरचे काही वाचू शकत नव्हत्या. वर्गात आकडे गिरवताना त्या विचारायच्या, "या वयात याचा काय उपयोग?" आता त्या तसे विचारत नाहीत.

प्रश्न

१. नवा पट्टा चुकीचा आहे, हे कशावरून कळले?
२. कोणते काम कारागिराला द्यावे? का?
३. तुमच्या घरातल्या एखाद्या यंत्रावरचा क्रमांक वाचा आणि वहीत लिहा.