प्रकाशाने सुटलेला इलेक्ट्रॉन आणि धातूचा कण

पाणी हे हायड्रोजन व ऑक्सिजन या दोन वायूंच्या संयोगाने बनते, हे शालेय विद्यार्थ्यांनाही ठाऊक असते. केवळ सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने हे वायू वेगळे करता आले, तर धूर न करणारे इंधन हाती येईल. या दिशेने महत्त्वाचे पाऊल १९७२ साली पडले. जपानी शास्त्रज्ञ अकिरा फुजिशिमा व केनिची होंडा यांनी टिटॅनियम डाय-ऑक्साइड व प्लॅटिनम तारेने जोडून, प्रकाशात पाण्याचे विघटन होते असे ‘नेचर’ या नियतकालिकातून दाखवून दिले.

टिटॅनियम डाय-ऑक्साइड ही पांढऱ्या रंगलेपात वापरली जाणारी भुकटी होय. हा पदार्थ अर्धवाहक आहे. त्यातील इलेक्ट्रॉन कमी ऊर्जेच्या पट्ट्यात बांधलेले असतात. वरचा पट्टा जवळजवळ रिकामा असतो. या दोहोंमधील अंतर सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. पुरेशा ऊर्जेचा प्रकाश पडताच इलेक्ट्रॉन वर उडी घेतो व मागे रिकामी जागा राहते. तिचे वर्तन धनभारासारखे असते. इलेक्ट्रॉनमुळे पाण्यातून हायड्रोजन व रिकाम्या जागेमुळे ऑक्सिजन निर्माण होऊ शकतो.

परंतु सुटलेला इलेक्ट्रॉन बहुधा अत्यल्प काळातच रिकाम्या जागेत परततो व मिळालेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. पूर्वी मोटेने पाणी काढीत. ते झेलण्यास थारोळे नसते, तर वर आलेले पाणी पुन्हा विहिरीतच पडले असते. तसेच येथे घडते.

अर्धवाहकाच्या कणावर बसविलेला प्लॅटिनमचा सूक्ष्म ठिपका हे थारोळ्याचे काम करतो. धातूत कमी ऊर्जेची जागा मिळत असल्याने इलेक्ट्रॉन तिकडे उतरतो. दोहोंच्या सीमेवरील ऊर्जेचा उंचवटा त्याला सहजी मागे फिरू देत नाही. ठिपक्यावर जमलेल्या इलेक्ट्रॉनांपासून हायड्रोजन तयार होतो. अशा रीतीने तारेवाचून प्रत्येक कण हा स्वतंत्र विद्युत्घट बनतो.

मात्र धातू अधिक झाल्यास प्रकाश अडतो आणि इलेक्ट्रॉन व रिकाम्या जागा धातूतच एकत्र येऊ लागतात. शिवाय प्लॅटिनम तयार झालेल्या वायूंचे पुन्हा पाणी करते. म्हणून ऱ्होडियमच्या कणांवर क्रोमियम ऑक्साइडचे पातळ आवरण देण्याची युक्ती योजण्यात आली. ते हायड्रोजनला बाहेर जाऊ देते, पण ऑक्सिजनला धातूपर्यंत पोहोचू देत नाही.

२०२० साली जपानी संशोधकांनी स्ट्राँशियम टिटॅनेटच्या स्फटिकांच्या काही पृष्ठांवर असे ऱ्होडियम, तर इतर पृष्ठांवर कोबाल्टचे संयुग बसविले. त्यामुळे इलेक्ट्रॉन व रिकाम्या जागा भिन्न दिशांना गेल्या. ३५० ते ३६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाचे त्यांवर पडलेले शंभर कण घेतले, तर त्यांपैकी सुमारे ९६ कारणी लागले. तथापि अशी अतिनील किरणे सूर्यप्रकाशात चार-पाच टक्केच असतात. म्हणूनच २०२१ साली १०० चौरस मीटर क्षेत्रावर केलेल्या चाचणीत सूर्याच्या ऊर्जेपैकी फार तर ०.७६ टक्के ऊर्जा हायड्रोजनमध्ये उतरली.

डोळ्यांना दिसणारा प्रकाश उपयोगात आणण्यासाठी सोन्या-चांदीचे सूक्ष्म कण अभ्यासिले जात आहेत. हे कण तो प्रकाश स्वतः शोषून अर्धवाहकाला इलेक्ट्रॉन देतात. परंतु सीमा ओलांडण्यापूर्वीच बहुतेक इलेक्ट्रॉनांची ऊर्जा गळून जाते. इलेक्ट्रॉन वर उचलण्याचे काम प्रकाश करतो. त्याला कामाच्या ठिकाणी वेळेवर पोहोचविणे, हीच या विद्येची खरी कसोटी होय.