‘बिचारा आहे, खाऊ द्या’ असे म्हणू नका

आपल्या वस्तीतली दिव्यांग मुले-मुली आता कॉलेजात जाऊ लागली आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचे दिव्यांगत्व मान्य झाले आणि सरकारी व अनुदानित कॉलेजांत किमान ५ टक्के जागा राखीव झाल्या. पण कॉलेजच्या वाटेवर पानठेलाही आहे. शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला बंदी आहे. राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून आहे. तरी विदर्भात पन्नीत घोटलेला खर्रा सहज मिळतो.

ज्याला खेळायला कोणी बोलावत नाही, त्याला ठेल्यावर लगेच जागा मिळते. एक पुडी चौघांत वाटली की तोही मित्रांतला होतो. आणि आपण घरचे म्हणतो, “बिचारा, एवढाच त्याचा विरंगुळा.” ही माया त्याला महागात पडते.

इतरांना मिळणारे इशारेही त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. पाकिटाच्या ८५ टक्के भागावर इशाऱ्याचे चित्र असते, ते अंध मुलाला दिसत नाही. खर्र्याच्या पन्नीवर तर इशाराच नसतो. कर्णबधिर मुलीला फोनवरचा सल्ला ऐकू येत नाही. म्हणून हे सांगणे घराचे काम आहे.

काय सांगावे?

• सिकलसेलही त्या २१ प्रकारांत आहे आणि आपल्या विदर्भातल्या घरांत तो आढळतो. बिडी-सिगारेटच्या धुराने रक्तातला प्राणवायू कमी होतो. सिकलसेलच्या रुग्णाला छातीचा गंभीर त्रास होण्याचा धोका वाढतो.
• निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात. व्हीलचेअरवर तासन्‌तास बसणाऱ्याच्या जखमा धूम्रपानाने लवकर भरत नाहीत.
• ज्याची नजर आधीच अधू आहे, त्याला धूम्रपानाने मोतीबिंदूचा धोका वाढतो.
• खर्र्यातली तंबाखू आणि सुपारी, दोन्हींनी तोंडाचा कॅन्सर होऊ शकतो. तोंडात तीन बोटे उभी जात नसतील, तिखट झोंबत असेल किंवा पांढरा चट्टा दिसत असेल, तर लगेच दातांच्या डॉक्टरांना दाखवा.

सोडायला मदत कशी करावी?

रागावू नका, आधी विचारा: दिवसातून किती वेळा, कोणासोबत? मग सोडण्याचा दिवस दोघांनी मिळून ठरवा. पहिला आठवडा चिडचिड होईल, डोके दुखेल, झोप येणार नाही. पुढे हे कमी होते. तलफ काही मिनिटांत ओसरते. तेवढ्यात पाणी, बडीशेप किंवा फुटाणे द्या. मानसिक आजाराच्या किंवा फिटच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना सांगूनच सोडा.

१८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. कर्णबधिर मुलांसाठी घरच्यांनी फोन करून सल्ला लिहून किंवा खुणांनी सांगावा.

ठेल्यावरची सोबत सुटली की त्याला दुसरी सोबत लागेल. संध्याकाळी त्याला क्रिकेटचा स्कोअर लिहायला, अभ्यासिकेत, विहारात सोबत न्या. आणि घरातल्या मोठ्यांनी त्याच दिवशी आपलीही डबी बाहेर टाकावी.