भाताच्या दाण्याची घडण व काढणीनंतरची निगा

शहापूर व मुरबाड तालुक्यांत भात हे खरिपाचे मुख्य पीक आहे. चार महिने खपून पिकविलेले भात गिरणीवर नेल्यावर अखंड तांदूळ थोडा व कणी फार निघाली, तर शेतकऱ्याचे नुकसान होते. कारण कणीला अखंड तांदळाइतका भाव मिळत नाही. याचा दोष सहसा गिरणीला दिला जातो. परंतु पुष्कळदा दाणा गिरणीत पडण्यापूर्वीच शेतात किंवा खळ्यावर तडकलेला असतो. असे का होते, हे समजण्यासाठी दाण्याची आतील रचना पाहणे अवश्य आहे.

पिष्टाच्या साखळ्या

तांदळाच्या कोरड्या वजनापैकी सुमारे ९० टक्के भाग पिष्टाचा असतो. पानांत तयार झालेली साखर दाण्यात उतरते व तेथे तिचे रेणू एकापुढे एक जोडले जाऊन लांब साखळ्या होतात. अशा साखळीरूप पदार्थास बहुवारिक म्हणतात. पिष्टात या साखळ्या दोन प्रकारच्या असतात : एक बहुतेक सरळ, तिचे नाव अमायलोज, दुसरी झाडासारखी फांद्या फुटलेली, तिचे नाव अमायलोपेक्टिन. कोणती साखळी किती करावयाची, हे रोपातील विकरे ठरवितात आणि ती वाणागणिक भिन्न असतात. अमायलोज अधिक असेल तर भात मोकळा होतो, कमी असेल तर चिकट होतो.

अमायलोपेक्टिनच्या शेजारच्या फांद्या दोन-दोन मिळून दोरीसारखा पीळ घेतात व हे पीळ आपोआप एकमेकांलगत बसतात. उडवीत पेंढ्या रचाव्यात तसे थरावर थर चढतात. फरक इतकाच की येथे रचणारा कोणी नसतो. या थरांची पुनरावृत्ती सुमारे ९ नॅनोमीटर अंतराने होते. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले असता एक भाग म्हणजे नॅनोमीटर होय. दाणे भरण्याच्या काळात उष्णता फार झाली तर ही रचना सैल राहते, दाण्याचे पोट पांढरे दिसते आणि असा दाणा लवकर तुटतो.

ही रचना पाणी व उष्णता यांनी मोडते, हे घरोघर दिसते. तांदळाचे पीठ थंड पाण्यात कालवून भाकरी नीट थापता येत नाही. उकड काढली म्हणजे पीठ चिकटून येते. उकळत्या पाण्याने पिष्टाचे पीळ सुटतात व साखळ्या पाणी धरून ठेवतात. भात निवल्यावर ताठर होतो, तो साखळ्या पुन्हा एकत्र येऊ लागल्यामुळे.

दाणा का तडकतो

वाळलेला दाणा ओल शोषतो तेव्हा त्याचा बाहेरचा भाग प्रथम फुगतो. आतील भाग कोरडाच राहतो. या ताणाने दाण्याला आडवी चीर पडते. आश्विनात कापलेले भात शेतात पसरलेले असता दिवसा कडक ऊन व रात्री दव लागते किंवा अवेळी सर येते, तेव्हा नेमके हेच घडते. चीर डोळ्यांना सहज दिसत नाही. गिरणीत मात्र दाण्याचे दोन तुकडे होतात.

शेतकऱ्यांनी करावयाची कामे

१. लोंबीतील बहुतेक दाणे पिवळे होताच कापणी करावी. त्या वेळी दाण्यात २० ते २४ टक्के ओलावा असतो. पीक शेतात वाळत ठेवू नये. हळवे वाण आधी तयार होत असल्याने त्याची कापणी लांबवू नये.

२. कापलेले भात शेतात अनेक दिवस पसरून न ठेवता लवकर झोडावे.

३. दाणे चटईवर किंवा ताडपत्रीवर पसरून वारंवार हलवावेत. तापलेल्या डांबरी रस्त्यावर वाळवू नयेत. संध्याकाळी गोळा करून झाकावेत, म्हणजे दव लागणार नाही.

४. ओलावा १४ टक्क्यांपर्यंत उतरल्यावरच साठवण करावी. कोरड्या काचेच्या बाटलीत थोडे कोरडे मीठ व भात घालून हलवावे. मीठ काचेला चिकटल्यास भात अजून ओला आहे असे समजावे.

ग्रामसेवकांनी प्रत्येक वाडीवर शंभर दाणे हाताने सोलून उजेडासमोर धरून दाखवावेत व चीर पडलेले दाणे मोजावेत. दव लागलेले व झाकून ठेवलेले असे दोन नमुने शेजारी ठेवल्यास वेगळ्या व्याख्यानाची गरज राहत नाही.

प्रयोगशाळेतील अनुकरण

रोपाची ही रीत आता रसायनशास्त्रज्ञही वापरतात. साखर आंबवून लॅक्टिक आम्ल करतात व त्यापासून पॉलिलॅक्टिक आम्ल हे बहुवारिक बनते. साखळीची लांबी व घडण नियंत्रित करून तिच्या एका टोकास पाण्यात मिसळणारा भाग जोडला, तर अशा साखळ्या पाण्यात आपोआप एकत्र येऊन अतिसूक्ष्म गोळे तयार होतात व त्यांतून औषध वाहून नेता येते. पुणे जिल्ह्यात जेजुरी येथे २०२४ मध्ये अशा जैव बहुवारिकांचे प्रात्यक्षिक केंद्र सुरू झाले आहे.

जे काम तेथे यंत्रांच्या साहाय्याने करावे लागते, ते भाताचे रोप शेतात विनासायास करीत असते. शेतकऱ्याच्या हाती राहते ती तयार झालेली घडण न मोडण्याची दक्षता. एक ताडपत्री व संध्याकाळची अर्ध्या तासाची मेहनत यांनी कणीत जाणारा बराच तांदूळ अखंड राहू शकतो.