टीम चॅम्पियन, खुर्च्या रिकाम्या: गर्दी आणि गिऱ्हाईक यातला फरक



या आठवड्याच्या व्हिडिओत मी विचारलं होतं, "माल चांगला आहे, नाव झालंय, मग दुकान रिकामं का?" व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून पूर्ण उदाहरण इथे देतोय. उदाहरण फुटबॉलचं आहे, पण त्याचा संबंध थेट तुमच्या गल्ल्याशी आहे.

मुंबई सिटी एफसी हा क्लब २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगसोबत सुरू झाला. सहमालक रणबीर कपूर. २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालकांनी, म्हणजे सिटी फुटबॉल ग्रुपने, त्यात ६५ टक्के हिस्सा घेतला. २०२०-२१ मध्ये शील्ड आणि कप दोन्ही जिंकले, २०२२-२३ मध्ये पुन्हा शील्ड, आणि २०२४ मध्ये कोलकात्यात मोहन बागानला ३-१ हरवून पुन्हा कप.

म्हणजे पैसा आहे, नाव आहे, माल एक नंबर. तरीही अंधेरीच्या साधारण सात हजार खुर्च्यांच्या मैदानात कित्येक सामन्यांना खुर्च्या रिकाम्या दिसतात. शहराची लोकसंख्या कोटीच्या वर असताना! असं का होतं?

१. तिकिटापेक्षा येणं-जाणं महाग. सामना संध्याकाळी साडेसातला. कल्याणच्या माणसाने ऑफिस सोडून, लोकलच्या गर्दीतून अंधेरी गाठायची आणि मध्यरात्री घरी पोचायचं. गिऱ्हाईक फक्त किंमत मोजत नाही. तो वेळ, त्रास आणि रिक्षाभाडंही मोजतो.

२. खरी स्पर्धा मोबाईलशी. तोच सामना घरी सोफ्यावर दिसतो. शिवाय फुटबॉलवेडा मुंबईकर पोरगा लहानपणापासून मँचेस्टर युनायटेड नाहीतर बार्सिलोनाचा चाहता. त्याला फुटबॉल आवडतो, पण त्याचा क्लब आधीच ठरलेला आहे.

३. आपलेपणाला वेळ लागतो. पहिले दोन हंगाम घरचे सामने नेरूळला डी. वाय. पाटील स्टेडियमवर, २०१६ पासून अंधेरीत. दुकानाची जागाच बदलली, तर नेहमीचं गिऱ्हाईक तयार व्हायला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आता कोल्हापूरला चला. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि दिलबहार तालीम समोरासमोर आले की बसायला जागा मिळत नाही. तिथे ना सिनेमाचा हिरो मालक, ना परदेशी पैसा. पण खेळणारा पोरगा आपल्या पेठेतला, कुणाच्या तरी भावाचा मित्र. आजोबा ज्या तालमीचे, नातूही त्याच तालमीचा. आपण गेलो नाही तर उद्या चहाच्या टपरीवर चार जण विचारतील, "काल दिसला नाहीस?" जिथे आपली गैरहजेरी कुणाला तरी जाणवते, तिथे माणूस परत येतो. हे वाक्य लिहून ठेवा.

आणखी एक गोष्ट. नोव्हेंबर २०२३ मध्ये आशियाई स्पर्धेत सौदीचा अल हिलाल मुंबई सिटीशी खेळायला आला. नेमार जखमी असल्यामुळे आला नाही, तरी डी. वाय. पाटीलवर हजारोंची गर्दी झाली. ती गर्दी मुंबई सिटीची गिऱ्हाईक होती का? बरेच जण पाहुणा संघ बघायला आले होते. लीगचे नेहमीचे सामने मात्र अंधेरीच्या छोट्या मैदानातच राहिले. एका दिवसाच्या गर्दीवरून मोठी जागा धरायची नसते.

आपल्या परभणीतही हेच होतं. उरुसात स्टॉल लावला, दोन आठवड्यांत जोरात विक्री झाली, की लगेच डोक्यात येतं: स्टेशन रोडला गाळा घेऊ, कर्ज काढू. थांबा! उरुसात लोक उरुसासाठी येतात, तुमच्यासाठी नाही. इन्स्टाग्रामच्या फॉलोअर्सचंही तसंच. समजा तुमचे दहा हजार फॉलोअर्स आहेत, पण त्यातले सहा हजार पुण्या-मुंबईचे. ते लाईक देतील, पण तुमची गरम पुरणपोळी घ्यायला जिंतूर रोडला येणार नाहीत. गाळ्याचं भाडं लाईकवर निघत नाही. पुण्याचा एफसी पुणे सिटी आठवा. हृतिक रोशन सहमालक होता, तरी पैशाच्या अडचणीत २०१९ मध्ये क्लब बंद पडला.

या आठवड्याचा गृहपाठ

वहीत तीन रकाने करा.
- गेल्या महिन्यात दुसऱ्यांदा आलेली गिऱ्हाईकं किती? फक्त नावं लिहा, अंदाज नको.
- त्यातल्या पाच जणांना विचारा: "यायला काय अडचण होते?" वेळ, पार्किंग, अंतर, जे असेल ते.
- त्यातली एक अडचण याच आठवड्यात दूर करा. कामावरून सुटणाऱ्यांसाठी दुकान तासभर जास्त उघडं ठेवा, किंवा सेलू-मानवतच्या ऑर्डरी एकाच ठरलेल्या दिवशी पोचवा.

पहिल्या रकान्यात वीससुद्धा नावं नसतील, तर गाळा आत्ता घेऊ नका. आधी छोटी जागा भरा. वीस खुर्च्यांचं भरलेलं हॉटेल रस्त्यावरच्या माणसाला आत ओढतं. शंभर खुर्च्यांचं रिकामं हॉटेल त्याला पुढे पाठवतं.

वही भरली की कमेंटमध्ये फक्त आकडा टाका. पुढच्या व्हिडिओत त्यावरच बोलू.